वाचकांचे प्रश्न : क्रेन आणि बांधकाम यंत्रांची मॉडेल्स

क्रेन, पोकलेन, डंपर यांची प्रमाणबद्ध मॉडेल्स जमवणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सर्वांत जास्त पत्रं पावसाळ्यातल्या जपणुकीबद्दल आणि क्रेनचा दोर ओवण्याबद्दल होती, म्हणून त्या दोन उत्तरांना जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न (नागपूर) : स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दर महिन्याला थोडेच पैसे बाजूला पडतात. १:५०, १:८७, १:३२ यांपैकी कोणतं माप धरावं? सुरुवात क्रेननेच करायची इच्छा आहे.

माप १:५० धरा आणि सोडू नका. बांधकाम यंत्रांच्या मॉडेलांमध्ये हेच मुख्य माप आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गची एनझेडजी आणि त्याच भागातली कॉनरॅड, नेदरलँड्समधल्या डब्ल्यूएसआय आणि आयएमसी, कॅटरपिलरची मॉडेल्स काढणारी डायकास्ट मास्टर्स, चीनची वायसीसी या सगळ्यांचा भर याच मापावर आहे. हिशेबही तोंडी होतो : मॉडेलवरचा १ सेंमी म्हणजे खरा अर्धा मीटर. वीसटनी पोकलेन बूम (यंत्राचा लांब हात) दुमडून साधारण साडेनऊ मीटर लांब असतो, म्हणजे मॉडेल १९ सेंमी. खाणीतला कॅटरपिलर ७९७एफ डंपर सुमारे १५ मीटर, म्हणजे ३० सेंमी. दोन्ही एका फळीवर ठेवले की खऱ्या यंत्रांच्या आकारातला फरक जसाच्या तसा समोर येतो. या संग्रहाचं खरं मोल त्या तुलनेत आहे. मापं मिसळली की ती तुलना संपते आणि नुसती यंत्रांची गर्दी उरते. अमेरिकी १:४८ मॉडेल फक्त ४ टक्क्यांनी मोठं असतं, तेवढी सूट घ्यायला हरकत नाही.

१:८७ हे रेल्वे मॉडेलांचं माप आहे. जागा अगदीच कमी असेल तर चांगलं, पण त्यात किब्रीसारख्या प्लास्टिकच्या जोडणी-संचांचं प्रमाण मोठं आहे आणि जिन्याचे कठडे, आरसे हात लागताच तुटतात. १:३२ मध्ये शेतीची यंत्रं आणि जेसीबी मिळतात. त्यांना वेगळी फळी द्या.

सुरुवात क्रेनने करू नका. युरोपात साधा पोकलेन शंभर युरोच्या आसपास मिळतो. मोठी जाळीदार बूमची क्रॉलर (साखळीपट्ट्यांवर चालणारी) क्रेन पाचशेपासून हजारापर्यंत जाते, आणि ती उभी करायला दोन-तीन दिवस लागतात. आधी एक पोकलेन घ्या, मग तो भरू शकेल असा डंपर. जोडी जुळते का हे बघायची कसोटी साधी आहे : बूम वर केल्यावर बकेट डंपरच्या हौद्याच्या काठावरून मोकळी जायला हवी, आणि हौदा चार ते सहा बकेटांत भरेल असं प्रमाण हवं. तिसरी खरेदी दोन किंवा तीन आसांची छोटी मोबाइल क्रेन.

विषय मात्र पहिल्या वर्षातच ठरवा. एकाच यंत्राच्या पिढ्या, एकाच कंपनीचा ताफा, किंवा एकाच कामावर लागणारी सगळी यंत्रं. आमचा कल तिसऱ्याकडे आहे. पवनचक्की उभारायची म्हटली की मोठी क्रॉलर क्रेन, तिची तोलाची वजनं (काउंटरवेट) हलवणारी मदतनीस मोबाइल क्रेन, पातं वाहणारा लांबलचक ट्रेलर, पाया खणणारा पोकलेन आणि काँक्रीटचे मिक्सर एवढं सगळं लागतं. पाच-सहा मॉडेलांतच एक अख्खं काम फळीवर उभं राहतं, आणि पुढची खरेदी कोणती हे आपोआप कळत जातं.

प्रश्न (रत्नागिरी) : घर समुद्राजवळ आहे. काही मॉडेलांचे टायर चिकट झालेत, एकाच्या टायरांनी खालच्या ॲक्रिलिकवर खड्डे पाडलेत. एका डोझरला रंगाखाली फोड आलेत, आणखी एका जुन्या मॉडेलच्या सांगाड्याला बारीक भेगा आहेत. हे बाकीच्या मॉडेलांत पसरेल का?

पसरणार नाही. पण ही तीन वेगळी दुखणी आहेत, त्यामुळे उपायही वेगळे.

टायर : मऊ पीव्हीसी टायर लवचीक राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. वर्षानुवर्षं ते हळूहळू बाहेर येतं आणि ज्या प्लास्टिकला किंवा रंगाला टायर टेकलेला असेल ते मऊ करतं. उष्णतेत हा वेग वाढतो. टायर काढता येत असेल तर भांडी घासायच्या सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, किंचित टाल्कम पावडर चोळा. काही वर्षांनी हे पुन्हा करावं लागतं. मुख्य उपाय म्हणजे भार काढणं. आसाखाली छोटा ठोकळा ठेवून टायर फळीपासून अर्धा मिलिमीटर उचला, किंवा टायरखाली पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा ठेवा. मोबाइल क्रेन असेल तर आउटरिगर (बाजूंना बाहेर येणारे आधाराचे हात) पूर्ण बाहेर काढून पाय खाली फिरवा. खरी क्रेन काम करताना चाकं जमिनीवरून उचललेलीच असतात, त्यामुळे मांडणी खरी होते आणि टायरही वाचतात.

फोड : रंगाखाली एखाद-दुसरा फोड आणि आत पांढरी भुकटी म्हणजे जस्तावरचं वरवरचं गंजणं. जिथे रंग पातळ बसलाय तिथे, कडा आणि कोपऱ्यांवर, ते आधी दिसतं. खाऱ्या हवेत हे होणारच. फोड हलक्या हाताने खरवडून भुकटी काढा, जागा कोरडी करा, धातूसाठीचा प्रायमर लावा आणि तेवढ्याच जागी रंग लावा.

भेगा : हे गंभीर आहे. ही मॉडेल्स झमॅकची, म्हणजे जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या मिश्रधातूची असतात. हा मिश्रधातू अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये आणला, तोच मुळी अतिशुद्ध जस्त वापरून हे दुखणं टाळण्यासाठी. ओतकामात शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश मिसळला गेला तर धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत गंज चालतो. भाग फुगतो, लांब होतो, वाकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. बिघाड मूळ धातूतच असल्याने रंग, वार्निश, गोंद यांपैकी कशानेही तो थांबत नाही. कोरडी, गार हवा त्याला फक्त मंद करते. युद्धपूर्व खेळण्यांत हे जास्त दिसतं, पण नव्या मॉडेलांचा एखादा घाणाही असा निघतो. शेजारच्या मॉडेलला लागण होत नाही. त्याच निर्मात्याची त्याच काळातली मॉडेल्स तुमच्याकडे असतील तर तेवढी मात्र भिंगाखाली तपासा. भेगा पडलेल्या मॉडेलचे आरसे, हुक, चाकं, काचा काढून जपून ठेवा; सुट्या भागांना कायम मागणी असते.

आता हवेबद्दल. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची. कोकणात पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते, म्हणून कपाटात डिजिटल आर्द्रतामापक हवाच. सिलिका जेल बरेच जण ठेवतात, पण दाराच्या फटी उघड्या असलेल्या कपाटात ते दोन-चार दिवसांत संपृक्त होतं आणि मग नुसतं पडून राहतं. आधी दाराच्या कडेला फोमची सीलपट्टी लावा, मग प्रत्येक कप्प्यात अर्धा किलो जेल ठेवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, त्यामुळे नारंगी दाणे घ्या. रंग बदलला की पसरट ट्रेमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास तापवा, १२० च्या वर नेऊ नका, आणि हा ट्रे स्वयंपाकाला वापरू नका. जून ते सप्टेंबर खोलीत डीह्युमिडिफायर चालवणं परवडत असेल तर तो सर्वांत भरवशाचा उपाय.

कपाटात डांबर गोळ्या किंवा कापूर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. मॉडेलांच्या कपाटात दोन्ही अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडतं. नव्या एमडीएफ आणि प्लायमधूनही आम्लयुक्त वाफा निघतात आणि त्या जस्ताला बाधतात. नवं कपाट महिना-दीड महिना उघडं ठेवल्याशिवाय त्यात मॉडेल ठेवू नका. शक्य असेल तर ॲल्युमिनियम आणि काचेचंच घ्या.

प्रश्न (डोंबिवली) : १:५० क्रॉलर क्रेनचं मॉडेल जोडलं, बूम १२० सेंमी. हुक ब्लॉक (हुक आणि त्यावरच्या पुल्यांचा ठोकळा) गोल फिरून दोर एकमेकांत पिळले जातात, दोर सैल लोंबतात आणि बूम एका बाजूला झुकलेली दिसते. काय चुकतंय?

तीन चुका आहेत, तिन्ही दुरुस्त होतात.

पिळण्याचं कारण धागा. शिवणाचा धागा पीळ दिलेला असतो. ताण आला की तो पीळ उलगडतो आणि ब्लॉकला फिरवतो. वेणीसारखा विणलेला पॉलिएस्टर धागा वापरा. जाडी मापातच हवी : खऱ्या क्रेनचा दोर २५ मिलिमीटर धरला तर मॉडेलला ०.५ मिलिमीटर. त्यावरून मेणाचा खडा एकदा ओढून घ्या, म्हणजे तंतू उभे राहत नाहीत.

सैल लोंबण्याचं कारण घर्षण. मॉडेलच्या पुलीला बेअरिंग नसतं आणि प्रत्येक पुली थोडा ताण खाते. सहा पदरी (बूमचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामध्ये सहा वेळा ओवलेल्या) दोराला ताणून धरायला नुसत्या ब्लॉकचं वजन पुरत नाही. हुकला १०० ते १५० ग्रॅमचा भार लटकवा : काँक्रीटची बकेट, स्टीलचा गर्डर, काहीही. पदर किती घ्यायचे तेही भारावरून ठरवा. खऱ्या क्रेनवर विंचची (ड्रमवर दोर गुंडाळणाऱ्या यंत्राची) एका दोराची ओढ १२ टन आणि भार ६० टन असेल तर पाच पदर लागतात, घर्षण धरून सहा. मॉडेलवर छोटा भार लटकवून बारा पदर ओवले तर जाणकाराला ते लगेच खटकतं. सम पदर असतील तर दोराचं मोकळं टोक बूमच्या डोक्यावर बांधतात, विषम असतील तर हुक ब्लॉकवर. इथे गल्लत झाली की ब्लॉक तिरका लटकतो.

सहा पदरांना धागा किती लागेल? हुक जमिनीपर्यंत आणायचा तर ६ × १२० म्हणजे ७२० सेंमी, बूमवरून विंचपर्यंत १२०, आणि १२ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर दहा वेढे म्हणजे साधारण ३८. एकूण ८७८ सेंमी. कापताना साडेनऊ मीटर कापा. हुक जमिनीवर असतानाही ड्रमवर किमान तीन वेढे उरले पाहिजेत.

क्रम असा ठेवा. बूम जमिनीवर आडवी जोडा, डोकं २० सेंमी उंच टेकवा. आधी दोन्ही बाजूंचे पेंडंट (बूमला मागून धरणारे ताण), मग बूम उचलणारा दोर, मग मुख्य दोर. धाग्याच्या शेवटच्या ४–५ सेंमीला फेविक्विक लावून कडक होऊ द्या आणि तिरकं कापा; त्याचीच सुई होते. हे काम मॉडेलपासून लांब करा, कारण त्या गोंदाच्या वाफेने केबिनच्या काचा पांढुरक्या होतात आणि ते निघत नाही. ओवताना पहिली पुली डोक्यावर, दुसरी ब्लॉकवर, असं एका कडेकडून दुसरीकडे जा. मधली पुली सोडून परत येऊ नका. ड्रमवर गुंडाळताना बोटाने दाब देत वेढा वेढ्याला चिकटवा. वरचा वेढा खालच्यांत घुसला की पुढच्या वेळी हुक उतरताना दोर तिथेच अडकतो. टोकाला आठच्या आकड्याची गाठ मारा, गोंद नको. कधी ना कधी दोर बदलावा लागतोच.

बूम झुकण्याची कारणं दोन. डावा आणि उजवा पेंडंट सारख्या लांबीचे नसतात, किंवा जाळीच्या तुकड्यांमधल्या पिना पूर्ण बसलेल्या नसतात. सगळे स्क्रू आधी अर्धेच आवळा, बूमच्या बुडाशी डोळा लावून टोकापर्यंत बघा, सरळ करा, मग पूर्ण आवळा. प्लास्टिकच्या जाळीत जोर लावला तर कोपरा तडकतो.

काउंटरवेट चढवल्याशिवाय बूम उचलू नका, क्रेन पुढे कोसळेल. उलट बाजूही लक्षात असू द्या : पूर्ण काउंटरवेट, हुक रिकामा आणि बूम जवळजवळ उभी, अशा स्थितीत क्रेन मागे उलटते. कोन ७५ ते ७८ अंश ठेवा.

प्रश्न (कोल्हापूर) : टेलिस्कोपिक क्रेनची बूम पूर्ण बाहेर काढून ठेवली की तासाभरात खाली येते. सिलिंडरला तेल द्यावं का?

तेल देऊ नका. मॉडेलचा सिलिंडर फक्त घर्षणावर बूम पेलतो. तेल घातलं तर तेवढाही आधार जातो. आधीच तेल पडलं असेल तर कापसाच्या काडीने शक्य तितकं टिपून घ्या. मग दांड्यावर पाण्यात किंचित सैल केलेल्या फेविकॉलचा अगदी पातळ थर द्या, रात्रभर पूर्ण वाळू द्या, त्यानंतरच सिलिंडर हलवा. एका थराने भागलं नाही तर दुसरा. ओला असताना हलवला तर सिलिंडर कायमचा चिकटेल. काही मॉडेलांत बूमच्या तुकड्यांना बारीक ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) असतो, तो सोबतच्या ॲलन कीने हलकेच आवळा.

कोनही बदलून बघा. ४५ अंशांवर बूमचं टोक तिच्या लांबीच्या ०.७ पट पुढे असतं, ७५ अंशांवर फक्त ०.२६ पट. त्यामुळे सिलिंडरवरचा भारही बराच घटतो. वर्षभर मांडून ठेवायची क्रेन उभ्या कोनातच शोभते आणि टिकते.

प्रश्न (पुणे) : लीबहेर एलटीएम ११२००-९.१ ही मोबाइल क्रेन घरात पूर्ण उंचीने उभी करता येईल का? कपाट कसं असावं?

या क्रेनची टेलिस्कोपिक बूम १०० मीटर, म्हणजे १:५० मध्ये २ मीटर. गाडी सुमारे २० मीटर, म्हणजे ४० सेंमी. छत दहा फूट, म्हणजे ३०५ सेंमी असेल तर ६० सेंमी उंचीच्या ठोकळ्यावर ती सहज मावते. खाली १८ मिलिमीटर प्लायचा ६० × ६० सेंमी तळ घ्या आणि आउटरिगरचे चारही पाय त्यावर पूर्ण टेकलेत का ते कागदाची पट्टी सरकवून बघा. पट्टी मोकळी सरकली तर तो पाय अधांतरी आहे. पंख्याखाली ठेवू नका. वाऱ्याने हुक झोके घेतो, आणि एवढ्या लांबीवर तो झोका पायापर्यंत पोचतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको, पिवळा रंग उन्हाने उतरतो.

बाकीच्या मॉडेलांसाठी फळीची खोली ४० सेंमी, काच ६ मिलिमीटर टफन्ड, दोन आधारांमधलं अंतर ७५ सेंमीच्या आत. काउंटरवेटसह क्रॉलर क्रेनचं वजन काही किलो भरतं, तिला सर्वांत खालची फळी द्या. दिवे एलईडी, आणि ट्रान्सफॉर्मर कपाटाच्या बाहेर.

प्रश्न (वास्को) : धूळ कशी काढावी?

महिन्यातून एकदा, कॅमेऱ्याच्या लेन्ससाठीचा रबरी ब्लोअर आणि मेकअपचा रुंद मऊ ब्रश. चिकटलेल्या धुळीला डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओलावलेली कापसाची काडी. काच पुसायचे फवारे आणि स्पिरिट छापील अक्षरं घेऊन जातात. जाळीदार बूमवर कापड फिरवू नका, धागा अडकून सळी वाकते.

प्रश्न (दुबई) : इथे मॉडेल्स घेतो आणि संग्रह साताऱ्याच्या घरी ठेवतो. पोस्टाने पाठवली तर शुल्क किती?

प्रमाणबद्ध मॉडेल्स कस्टम्सच्या ९५०३ या खेळण्यांच्या वर्गात येतात. या वर्गावरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. त्यावर अधिभार आणि जीएसटी. पोस्टाने स्वतःच्या वापरासाठी आलेल्या वस्तूंना मात्र वेगळा वर्ग आणि वेगळा दर लागू शकतो, तो पाठवण्यापूर्वी कस्टम्सकडे तपासा. भेट म्हणून पाठवलेल्या छोट्या पार्सलांची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. म्हणून बिलावर ‘प्रौढ संग्राहकांसाठी मॉडेल, वय १४ वर्षांपुढे’ असं स्पष्ट लिहून घ्या; खोक्यावरही तसं छापलेलं असतं. अंतिम निर्णय अधिकाऱ्याचा. स्वतःच्या सामानातून आणणं बरं. शुल्कमाफीची मर्यादा बदलत असते, ती निघण्यापूर्वी कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघा आणि बिल हातात ठेवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : जुनी मॉडेल्स घेताना फसवणूक कशी टाळावी? खोकी ठेवावीत का?

क्रेन असेल तर विकणाऱ्याकडून सगळे भाग पांढऱ्या कागदावर मांडलेला फोटो मागवा आणि माहितीपत्रकाशी ताडून बघा. काउंटरवेटचे ठोकळे, जिबचे (बूमच्या टोकाला जोडायच्या जादा हाताचे) तुकडे, दुसरा हुक ब्लॉक, पिना आणि आरसे हेच नेहमी हरवलेले असतात. पिनेच्या जागी तार चालते, काउंटरवेट कमी असेल तर क्रेन उभीच राहत नाही.

म्युनिकला दर तीन वर्षांनी भरणाऱ्या बाउमा प्रदर्शनासाठी आणि क्रेन भाड्याने देणाऱ्या कंपन्यांसाठी त्यांच्या रंगांत मर्यादित आवृत्त्या निघतात. साचा नेहमीचाच असल्याने साध्या मॉडेलवर स्टिकर लावून ते महाग विकता येतं. दहापट भिंगाखाली बघा : कारखान्याची छपाई सलग रंगाची आणि रेखीव कडांची असते, घरगुती स्टिकरवर प्रिंटरचे ठिपके आणि पारदर्शक कडा दिसते. पुन्हा रंगवलेलं असेल तर बिजागरीच्या आत आणि स्क्रूच्या खाचेत रंग साचलेला असतो.

खोकी ठेवाच, आतल्या थर्मोकोलच्या साच्यासह. घर बदलताना त्याशिवाय मोठी क्रेन सुखरूप पोचत नाही. पण मॉडेल कायम त्यात ठेवू नका. पीव्हीसी टायर थर्मोकोल विरघळवतात आणि जुना फोम रंगाला चिकटतो. मध्ये टिश्यू कागद हवा. खोकी गरम माळ्यावर नको. पॉलिथिनमध्ये घट्ट बांधायची असतील तर उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी बांधा.

प्रश्न (सातारा) : आठ वर्षांच्या मुलाला वडिलांच्या संग्रहातल्या क्रेनशी खेळायचं असतं. द्यावी का?

ती नको. बारीक पिना, धारदार कडा आणि तासन्‌तास ओवलेला दोर, यांतलं काहीच खेळण्यासाठी केलेलं नाही. त्याला ब्रुडरची १:१६ ची प्लास्टिकची यंत्रं द्या. वाळूत, पाण्यात चालतात आणि विंचही फिरतो. सिकूची १:५० मापातली धातूची यंत्रंही मजबूत असतात. दोर ओवताना मात्र त्याला शेजारी बसवा : ड्रमची किल्ली फिरवायला एक जण आणि वेढे दाबून धरायला दुसरा, असे दोघे लागतातच.